चित्रवह्या अर्ध्यावर का सुटतात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून हल्ली चित्रवहीबद्दल पुष्कळ लिहून येते. थांब्यावरची रांग, खिडकीबाहेरचे झाड, टेबलावरचा पसारा अशी रोजची दृश्ये पेनाने आणि जलरंगांनी वहीत उतरवण्याच्या छंदाला जागा मिळते, हे चांगलेच आहे. पण त्या लेखांतला सल्ला बहुतेक एकाच वळणाचा असतो: घाबरू नका, चुका होऊ द्या, रोज एक पान काढा. सल्ला खोटा नाही, पण त्याने पुरे पडत नाही. शाई पसरून चेहऱ्याचा काळा डाग होतो, पान पन्हाळीच्या पत्र्यासारखे उठते, झाडाचा हिरवा चिखलावर जातो आणि काढणाऱ्याला वाटते, आपला हातच वाईट. अशी दहा पाने झाली की वही कपाटात जाते. हाताचा दोष त्यात फार थोडा असतो. कागद, शाई आणि पाणी यांची गाठ चुकीच्या वेळी पडलेली असते. या वेळांबद्दल फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर पाण्याचा भाग तेवढा ठेवावा.

आधी कागद. त्याचे वजन ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जीएसएममध्ये मोजतात. छपाईचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. ‘स्केचबुक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वह्या ९० ते १६० जीएसएमच्या असतात आणि त्या पेन्सिल-पेनासाठीच केलेल्या असतात. अशा कागदावर भरलेला ब्रश टेकवला की भिजलेले तंतू फुगतात, आजूबाजूचे कोरडे तंतू जागेवरच राहतात आणि पान लाटांसारखे उठते. मग रंग त्या लाटांच्या खळग्यांत साचतो आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. २०० जीएसएमला हलका वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, झेपतो. पाणी सढळ वापरायचे तर ३०० हवा. मात्र ३०० जीएसएमची वही जड होते आणि पानेही कमी बसतात. रोज पिशवीत जाणाऱ्या ए-५ वहीसाठी २०० ते २५० ही तडजोड बरी. पानाच्या मोकळ्या कडांना दोन चिमटे लावले तर याच कागदाची उठाठेव निम्मी कमी होते.

वजनाइतकीच महत्त्वाची, पण वहीच्या वेष्टनावर सहसा न लिहिलेली गोष्ट म्हणजे साइझिंग. कागदाने पाणी अधाशासारखे पिऊ नये म्हणून त्यात किंवा त्याच्या पृष्ठभागावर जिलेटिनसारखे द्रव्य दिलेले असते, त्याला हा शब्द आहे. ते आहे की नाही, हे शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून कळते. मिनिटभर थेंब टपोरा राहिला आणि मागच्या बाजूला डाग उमटला नाही, तर कागद रंगासाठी लायक आहे. थेंब टेकताच आत गेला तर त्या वहीत रंग कायम मळकट दिसणार, कारण रंगाचे कण वर न राहता तंतूंच्या आत बुडतात. दमट जागी वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या चांगल्या कागदाचेही साइझिंग असेच मरते. त्यावर वॉश दिला की गडद ठिपके-ठिपके उठतात. जुना ठेवणीतला कागद वापरण्याआधी ही थेंबाची चाचणी घ्यावीच.

पूर्ण कापसाचा कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, म्हणून त्यावर रंग एकमेकांत मिसळायला सवड मिळते. लाकडाच्या लगद्याचा कागद लवकर वाळतो आणि कडा टणक पडतात. पण त्यावरचा वाळलेला रंग ओल्या ब्रशने सहज उचलताही येतो. नवशिक्याला हे दुसरे अनेकदा सोयीचे पडते. पोताचे म्हणाल, तर खरबरीत कागदावर पेनाची रेघ तुटते आणि फाइनलायनरचे, म्हणजे बारीक टोकाच्या रेखाटनाच्या पेनाचे, टोक झिजते. अगदी गुळगुळीत कागदावर रेघ सुरेख येते, पण वॉश घसरतो आणि डबकी होतात. पेन हेच मुख्य हत्यार असेल तर बारीक पोत निवडावा. आणि वही शिवलेली हवी, सपाट उघडणारी. मधल्या घडीत पाणी उतरले की ते शेजारच्या चार पानांपर्यंत जाते.

शाईच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैल वापरला जातो. डायच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेलाच असतो. ती वाळली तरी पाणी मिळताच पुन्हा चालू लागते. लिहिण्यासाठी मिळणारी फाउंटन पेनची बहुतेक शाई अशी असते. पिगमेंटच्या शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि पाणी उडून गेले की ते तंतूंत अडकून बसतात. वॉशच्या खाली ही दुसरी शाई हवी. आणखी एक तिसरी जात आहे: कागदाच्या तंतूंशी संयोग पावल्यावरच पक्की होणारी. साइझिंग भरपूर असलेल्या कागदावर तिचा वरचा थर तंतूंपर्यंत पोचतच नाही आणि तासाभरानेही बोट फिरवले की फरफटतो. एकाच बाटलीतली शाई एका वहीत पक्की आणि दुसरीत कच्ची का, याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

म्हणून पेन आणि वही यांची जोडी एकत्रच तपासावी. वहीच्या मागच्या पानावर चार आडव्या रेघा ओढाव्यात: पहिली ओढल्यावर अर्ध्या तासाने, दुसरी दहा मिनिटांनी, तिसरी दोन मिनिटांनी आणि चौथी अर्ध्या मिनिटाने ओली होईल अशा बेताने. मग स्वच्छ पाण्याचा ब्रश चारींवरून उभा, एकदाच फिरवावा. कुठली रेघ हलली नाही ते पाहावे. त्या शाईला त्या कागदावर किती वेळ द्यायचा, हे तिथेच ठरते. रेघ संपताना पेन जिथे थबकते तिथे शाईचा थेंब साचतो आणि तो सर्वांत शेवटी वाळतो. डोळे, खिडक्यांचे कोपरे, चपलांच्या टाचा इथेच शाई फुटते, ती यामुळे. चाचणीच्या रेघांच्या शेवटी असे थबकलेले ठिपके मुद्दाम द्यावेत. हवा दमट असेल तर वेळ वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

पेनांबद्दल थोडे. फाइनलायनरच्या टोपणावरचा आकडा म्हणजे मिलिमीटर, असा सर्रास समज आहे. पण पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरमध्ये ०१ ची रेघ ०.२५ मिमी, ०३ ची ०.३५ मिमी आणि ०५ ची ०.४५ मिमी पडते. कंपनी बदलली की हिशेब बदलतो. ए-५ पानाला एक बारीक आणि एक ठळक, एवढी दोन पेने पुरतात: दूरचे आणि उजेडातले बारीक पेनाने, जवळचे आणि सावलीतले ठळक पेनाने. फाउंटन पेनात पिगमेंटची शाई भरली तर पेन रोज चालवावे आणि काही आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावे. आत वाळलेले कण मग पाण्याने निघत नाहीत. शेलॅक, म्हणजे लाख घातलेली इंडियन इंक मात्र फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती टाकासाठी आहे. टाक पुसता येतो. पेनाच्या आतली नळी एकदा लाखेने बुजली की बुजली. साधे बॉलपेनही वॉशखाली बऱ्यापैकी टिकते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, फक्त त्याची शाई उजेडात उडते, एवढे लक्षात असू द्यावे.

खाली पेन्सिल केली असेल तर शाई पूर्ण वाळल्यावर आणि रंगाच्या आधी ती पुसावी. आधी पुसली तर शाई फासली जाते. रंगानंतर पुसायला जावे तर जलरंगातल्या डिंकाने ग्राफाइट धरून ठेवलेले असते आणि ते निघत नाही. खोडरबर जोरात घासला की शाईचेही कण उखडतात आणि काळी रेघ राखाडी होते. मऊ, मळता येणारा खोडरबर टिपल्यासारखा दाबावा.

रेघ आधी की रंग आधी, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. दृश्यानुसार ठरवावे. इमारत, दुकानाची मांडणी, सायकल, यंत्र अशा रचनाप्रधान गोष्टींना रेघ आधी. ढग, गर्दी, पडता उजेड यांना रंग आधी, कारण पाच मिनिटांत ते नाहीसे होणार आहेत. चार-पाच मोठे आकार रंगाने टाकून, वाळल्यावर हवी तेवढीच रेघ द्यावी. या दुसऱ्या रीतीत दोन धोके आहेत. वॉश किंचित जरी दमट असला तरी शाई केसाळ पसरते. आणि रंग जाड असेल तर फाइनलायनरचे टोक तो खरवडते, तो टोकात भरतो आणि पेन बंद पडते. अशा पेनाचे टोक रद्दी कागदावर दोन-चार वेळा घासून पाहावे. बहुधा चालू होते.

रेघ आधी असेल तेव्हाचा नेहमीचा दोष वेगळा आहे: रेघेच्या आत काठोकाठ रंग भरणे. मग पान मुलांच्या रंगभरणीच्या पुस्तकासारखे दिसते. रंग रेघेबाहेर सांडला तरी बिघडत नाही, आत पांढरी फट राहिली तर उत्तमच. उजेडाच्या बाजूला फट, सावलीच्या बाजूला सांड, एवढे ठेवले तरी चित्र श्वास घेते. शिवाय जिथे रंगाचा आकार स्पष्ट बोलतो तिथे रेघ नको. पेनाने आधीच सगळ्या पानांच्या शिरा आणि सगळ्या विटा काढून ठेवल्या, तर ब्रशला करायला काही उरत नाही.

आता पाणी. पाने सर्वांत जास्त इथेच बिघडतात.

वॉश दिल्यापासून कोरडा होईपर्यंत कागद चार अवस्थांतून जातो आणि त्या डोळ्यांनी व हाताने ओळखता येतात. वही डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून पाहिले की पहिल्या अवस्थेत कागदावर पाण्याचा पत्रा चमकतो. यात दुसरा रंग सोडला तर तो लांबवर पसरतो. आकाशाला हे हवेच असते. दुसऱ्या अवस्थेत चमक मावळते, पण मंद लकाकी असते. आत्ता सोडलेला रंग थोडासा पसरून थांबतो. झाडाच्या आतली सावली, गालाची कड, ढगाचा तळ यांची वेळ ही. तिसऱ्या अवस्थेत लकाकी जाते, कागद कोरडा भासतो, पण हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर गार लागतो. पाणी अजून उडते आहे आणि उडताना उष्णता घेते, म्हणून तो गारवा. चौथ्या अवस्थेत कागद खोलीतल्या इतर वस्तूंइतकाच उबदार लागतो. तेव्हा वरचा थर बिनधास्त द्यावा.

सगळा घात तिसऱ्या अवस्थेत होतो. कागद कोरडा वाटला म्हणून ओला ब्रश टेकवला की ते जास्तीचे पाणी अर्धवट बसलेल्या कणांना ढकलत बाहेर नेते आणि झालरीसारख्या कडेचा फिकट डाग उमटतो. डाग पडला की माणूस घाईने तो पुसायला जातो आणि एकाचे तीन करतो. त्या क्षणी ब्रश खाली ठेवणे एवढेच करायचे असते. पूर्ण वाळल्यावर डागाची कड ओल्या, पिळलेल्या ब्रशने हलकेच मऊ करता येते. यावरून एक साधा नियम निघतो: ओल्या भागात जाणाऱ्या ब्रशवर कागदापेक्षा कमी पाणी हवे. दुसऱ्या अवस्थेत रंग सोडण्याआधी ब्रश फडक्यावर एकदा टेकवायचाच.

वॉशच्या कडेला गडद रेघ का पडते, हाही नेहमीचा प्रश्न. डबक्याची कड कागदाला धरून असते, तिथले पाणी आधी उडते, ते भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना कण घेऊन जाते. कपाखाली कॉफीचे गोल वळे उठते ते याचमुळे. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याच उदाहरणावरून ही क्रिया उलगडून दाखवली. चित्रात ती कड नको असेल तर वॉशच्या टोकाला साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने उचलून घ्यावा. अनेक पानांतले आकाश या एका थेंबाने बिघडते.

रंग किती घट्ट कालवायचा, तेही अवस्थेवर आहे. पहिला वॉश पाण्यासारखा पातळ, दुसरा थर दुधाइतका, शेवटचे गडद ठिपके मधासारखे. पातळ रंग पॅलेटवर गडद दिसतो आणि वाळल्यावर हमखास उतरतो, म्हणून मधला थर मनाला पटेल त्याहून थोडा गडदच लावावा. तीन थरांपलीकडे जाऊ नये. चौथ्या थराला खालचा रंग सुटून वर येतो, तीन-चार पिगमेंट एकत्र मिसळतात आणि तिथे चिखल होतो. चिखलाचे दुसरे कारण गढूळ पाणी. दोन भांडी ठेवावीत: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातले पाणी फक्त रंग कालवायला. तिसरे कारण म्हणजे घासणे. ब्रश एकदा ओढला की उचलायचा. रंग बसत असताना पुन्हा पुन्हा तिथे जायचे नाही.

शेजारचे पान वाचवायला मध्ये टीपकागद ठेवावा, पण ओल्या रंगावर वही मिटू नये. डिंक दाबाखाली वाळला की पाने चिकटतात आणि सोडवताना पृष्ठभाग सोलला जातो. प्रवासात वही मिटण्याची कसोटी तीच: गार लागते का?

रंगांची पेटी मोठी असण्याची गरज नाही. लंडनच्या विल्यम रीव्हजने १७८० च्या सुमारास जलरंगाच्या वड्या केल्या, १८३५ च्या सुमारास ग्लिसरीन घातलेले ओले पॅन, म्हणजे छोट्या डब्यांतले रंग, निघाले आणि १८४१ मध्ये जॉन रँडने धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले; खिशात मावणारा रंग ही एवढ्या टप्प्यांची कमाई आहे. आजच्या पेटीत चोवीस रंग असतात आणि त्यातले अर्धे कामाचे नसतात. सहा पुरतात: अल्ट्रामरीन निळा (पीबी २९), थॅलो निळा (पीबी १५:३), क्विनाक्रिडोन गुलाबी (पीव्ही १९ किंवा पीआर १२२), एक स्वच्छ पिवळा (पीवाय १५४), यलो ऑकर (पीवाय ४३ किंवा ४२) आणि बर्न्ट सिएना (पीबीआर ७). कंसातले क्रमांक पिगमेंटचे आहेत, ते ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि नावापेक्षा तेच वाचावेत. नाव कंपनी ठेवते. क्रमांक रंगाचा गुण सांगतो. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ पिगमेंटऐवजी दुसऱ्याने तशी छटा साधली आहे असे समजावे. एका ट्यूबवर तीन-तीन क्रमांक असतील तर तो रंग आधीच मिश्रण आहे. त्यात आणखी दोन घातले की चिखलाची सोय झाली.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे मिश्रण ही या छंदातली सर्वांत उपयोगी जोडी. निळा जास्त असेल तर थंड करडा, सिएना जास्त तर उबदार, दोन्ही घट्ट तर जवळजवळ काळा. रस्ता, सावली, केस, लोखंड सगळे यात निघते, आणि पेटीतला तयार काळा बाजूला ठेवता येतो. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. भिंतीला आणि ढगाला ते शोभते, गालाला नाही. थॅलो उलट: बारीक, जोरकस, कागदाला रंगवणारा, लावला की उचलता येत नाही. ब्रशच्या टोकाएवढा घ्यावा. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) आणि झगझगीत फ्लुरोसंट गुलाबी यांपासून दूर राहावे. उजेडात ते उडतात. वही मिटलेली असते म्हणून रंग तग धरतात हे खरे, पण एखादे पान फ्रेममध्ये गेले की पितळ उघडे पडते. शंका असेल तर रंगाची पट्टी अर्धी झाकून तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी.

ट्यूबमधून हाफ पॅन, म्हणजे पेटीतली लहान डबी, भरताना एकदम काठोकाठ भरू नये. दोन-तीन थरांत, प्रत्येक थर एक-दोन दिवस वाळू देत, काडीने हवेचे बुडबुडे काढत भरले तर वडी तडकत नाही. काम सुरू करण्याआधी प्रत्येक पॅनवर पाण्याचा एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबले की रंग घासावा लागत नाही, ब्रशही झिजत नाही. काम संपल्यावर पेटी उघडी वाळू द्यावी, नाहीतर बुरशी येते. ब्रश एक गोल, आठ नंबरचा, टोक नीट जुळणारा. जोडीला चार नंबर. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा ठेवू नये. बस्स.

दृश्य आणि त्यातली माणसे याकडे वळायचे, तर एकच गोष्ट नीट कळली तरी गर्दी उभी राहते: डोळ्यांची रेषा. पान सुरू करताना आपल्या डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ फिकट पेन्सिलीने आखावी. सपाट जमिनीवर आपण उभे असू, तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे, जवळची असोत की लांबची, त्याच रेषेवर येतात. लांबच्याचे पाय वर जातात, जवळच्याचे खाली. खुर्चीत बसून काढत असू तर ती रेषा सगळ्या उभ्या माणसांच्या छातीच्या आसपासून जाते. नवशिक्या लांबचा माणूस छोटा करतो, पण त्याचे डोकेही खाली उतरवतो. मग तो खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. बहुतेकांचे इथेच चुकते.

डोके उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे असते. ते मोठे काढण्याची खोड सगळ्यांना असते, म्हणून लहान वाटेल एवढेच काढावे. उभ्या माणसाचा भार एका पायावर असेल तर मानेचा खळगा त्या पायाच्या घोट्याच्या वर येतो. कमरेची रेघ त्या बाजूला उचललेली आणि खांद्यांची रेघ उलट कललेली असते. या दोन तिरप्या रेघा आधी टाकल्या की बाकीचे अंग आपोआप बसते. चालणाऱ्याचा मागचा पाय आखूड काढावा, पाऊल न दाखवता सोडून द्यावे. माणूस निघून गेला तर अडू नये: रांगेत, थांब्यावर, वाचनालयात तीच बैठक पाच मिनिटांत दुसरा कुणीतरी घेतो, त्याच्यावरून पूर्ण करावे. दोन सेंटिमीटरच्या माणसाला नाक-डोळे काढू नयेत. केसांचा गडद आकार आणि हनुवटीखालची सावली एवढ्यावर ओळख पटते. टक लावून पाहू नये, वाट अडवू नये, कुणी विचारले तर पान दाखवावे.

सावल्यांची घाई करावी. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे अर्ध्या तासात सावलीची दिशा दिसण्याइतकी बदलते. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या पडसावल्यांच्या कडा पेन्सिलीने धरून ठेवाव्यात आणि मग सूर्य कुठेही जावो, त्याच रंगवाव्यात. अर्धी सावली सकाळची आणि अर्धी दुपारची असली की बघणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण खटकते. अर्ध्या तासाच्या पानाचा हिशेब साधारण असा ठेवता येईल: पाच मिनिटे नुसते पाहणे आणि तीन-चार सेंटिमीटरच्या चौकटीत गडद, मध्यम, फिकट अशा तीनच छटांत रचना ठरवणे, दहा मिनिटे पेन, पाच मिनिटे शाई वाळेपर्यंत कडेचा मजकूर, सात मिनिटे वॉश, आणि उरलेली तीन मिनिटे, कागद गार लागेनासा झाल्यावर, सर्वांत गडद दहा-बारा ठिपके. दमट हवेत तेवढ्यात कागद वाळत नाही. तेव्हा शेवटचे गडद घरी आल्यावर द्यावेत.

मजकूर हा चित्रवहीचा अर्धा जीव आहे, हे मात्र लोक विसरतात. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्कोत गेला तेव्हाच्या त्याच्या वह्यांत रेघ, जलरंग आणि हस्ताक्षर एकाच पानावर नांदते. वेळ नसे तिथे रंगांची नावे शब्दांत लिहून तो पुढे जाई. तारीख, वेळ, हवा, वाऱ्याची दिशा, ऐकू आलेले एखादे वाक्य हे सगळे त्याच पेनाने लिहावे. देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर शिरोरेषेची आयती सोय आहे. ओळींच्या शिरोरेषा एकसारख्या अंतरावर ओढल्या की मजकुराचा ठोकळा भिंतीसारखा किंवा जमिनीसारखा चित्राला आधार देतो. त्यासाठी जागा आधी राखावी लागते. उरलेल्या कोपऱ्यात कोंबलेली तारीख चित्राची तोंडमिळवणी बिघडवते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. वाचकांनी पाठवलेली अशी पाने छापताना खाली नाव-गाव असते. त्याजोडीला एक ओळ साहित्याची द्यावी: कागदाचे जीएसएम, शाईचा प्रकार, पिगमेंटचे क्रमांक आणि लागलेला वेळ. दहा पाने अशी छापली गेली तरी नवशिक्याला स्वतःच्या वहीशी ताडून पाहता येईल. आणि चित्रे मागवताना एवढे कळवावे: फोटो दिव्याखाली काढू नये, दिवसाच्या उजेडात पण सावलीत काढावा, मोबाइल पानाला समांतर धरावा, कॅमेरा पांढऱ्या कागदाला करडा करतो म्हणून उजेड एक-दोन घरे वाढवावा, स्कॅन असेल तर किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), मोठे करून छापायचे असेल तर ६००. वृत्तपत्राच्या कागदावर छपाईचे ठिपके पसरतात आणि मधल्या छटा आणखी गडद होतात. फिकट वॉशची चित्रे आपल्या अंकात मळकी उमटतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. छपाईला देण्याआधी मधल्या छटा थोड्या उजळ करून घेता आल्या, तर पाठवणाऱ्यांची पाने त्यांनी काढली तशी दिसतील.

आपला,
एक वाचक